शेवटी ‘ली’

मंगळवारी सात वाजता, डंगॅननच्या टेकडीवर,
वाचनालयाच्या वरच्या खोलीत हीटर खोकतो
आणि माझे विद्यार्थी येतात.
हात तीनदा धुऊनही बोटांना कोंबडीचा वास,
कारखान्याच्या थंडीनं नखं जांभळी.

मी फळ्यावर दोन रकाने आखते.
डावीकडे, वस्तू कशी आहे.
उजवीकडे, काम कसं झालं.
मधली रेघ वाकडी येते, दरवेळी.

स्लो, स्लोली. क्विक, क्विकली.
‘ली’ लावा, मी म्हणते, झालं काम.
मग आठवडाभर दिसेल त्याला ते ‘ली’ लावत सुटतात:
फास्टली. गुडली.
यूरातेनं तर वहीवर आपल्या नावाखाली लिहिलं,
लिथुएनियनली.
ते मी खोडलं नाही.

आबिलिओ म्हणाला, आमच्या तेतुममध्ये एवढी यातायात नाही.
हळू म्हणजे नेइनेइक.
होडी नेइनेइक, म्हातारा नेइनेइक,
म्हातारा होडीत चढतो तेही नेइनेइक.
शब्द एकच. दारोदारी कपडे बदलत नाही.

मग टेबलावर एक पिशवी ठेवली, भली थोरली.
“दुकानातली बाई म्हणाली, वी पिशवी देऊ का?
पुस्तकात वी म्हणजे लहान.
हिच्यात दहा किलो तांदूळ आहे.
वर म्हणाली, इथं तुमची वी सही करा.
माझं नाव चार शब्दांचं आहे, बाई.”

काय सांगू त्याला?
की इथं वी हे माप नव्हे,
की दंतवैद्य वी इंजेक्शन म्हणतो आणि अर्धा जबडा जातो,
की जग अंगावर येऊ नये म्हणून
आम्ही त्याला जरा खाली बसवून बोलतो.
हे कुठल्या रकान्यात घालू?
रेघेवरच लिहिलं.

नोव्हेंबरात यूराते आली ती कोट न काढताच बसली.
सुपरवायझरच्या जागेसाठी अर्ज केला होता,
कुणालाही न विचारता, स्वतःच्या इंग्रजीत:
‘मी सहा वर्षं इथे हार्डली काम करते.’
मॅनेजरनं तो कँटीनमध्ये वाचून दाखवला. मोठ्यानं.
मोठ्यानं, उजवा रकाना.

चूक माझी होती. लावा ‘ली’, मीच म्हटलं होतं.
हार्ड म्हणजे राबून, चारला उठून,
खांदा भरून येईस्तोवर पक्षी आकड्याला टांगून.
त्याला एवढीशी शेपटी फुटली
की हार्डली: जेमतेम, नावापुरतं,
केलं न केल्यासारखं.
“हे कुणी ठरवलं?” तिनं विचारलं.

माझे वडील कोलआयलंडच्या वीटभट्टीत बत्तीस वर्षं होते.
विशेषण त्यांनी जन्मात वापरलं नाही.
सूप? वाईट नाही. माझं लग्न? वाईट नाही.
शेवटच्या आठवड्यात नर्सनं विचारलं, कसं वाटतंय?
तेच.
मला वाटायचं, त्यांच्याकडे शब्द कमी पडतात.
यूरातेला मी एवढंच म्हणाले, माहीत नाही.

अर्ज पुन्हा लिहिला. हार्ड, बिनशेपटीचा.
जागा तोवर भरली होती.

मार्चमध्ये वर्ग सुरू व्हायच्या आधी तिचा मेसेज:
‘आज येत नाही. माझ्या वी मुलीला ताप आहे.
तीन दिवस ती हार्डली जेवते.’

मुलगी सतरा वर्षांची, आईहून वीतभर उंच.

मी उभ्याउभ्या दोनदा वाचलं.
दोन्ही शब्द आपापल्या जागी,
खिळा बसावा तसे.
‘व्हेरी गुड’ टाइप केलं.
मग एकेक अक्षर मागे घेतलं,
नेइनेइक,
आणि विचारलं, ताप किती आहे?