अध्यात ना मध्यात

प्योल्वाच्या कारखान्यात मी खिडक्या भरते.
भरते म्हणजे
दोन काचांमधल्या सोळा मिलिमीटरच्या फटीत
खालच्या कोपऱ्यातून सुई घालते
आणि आर्गॉन सोडते.
तो हवेपेक्षा जड. आधी तळाशी पसरतो,
मग हौदात पाणी चढावं तसा चढतो,
आणि हवा वरच्या भोकातून निघून जाते,
मुदत संपलेल्या भाडेकरूसारखी, मुकाट.
नव्वद टक्के झाले की यंत्र दोनदा वाजतं.
काळ्या लुकणाचा गोळा, अंगठा, झालं.
पुढची काच.

शेजारच्या टेबलावरची लीडिया म्हणते,
ग्रीक भाषेत या नावाचा अर्थ आळशी.
"आमच्या घरात असाच एक आहे,
फक्त त्याला कुणी बाटलीत भरून विकत नाही."

खरंच, याच्याइतका सरळ कोण?
जळत नाही, गंजत नाही,
कुणाशी जमवत नाही, म्हणून बिनसतही नाही.
बल्बमध्ये तार पांढरी होईतो तापते,
हा तिच्याभोवती उभा राहतो, तिला जपतो,
आणि स्वतः कोराच्या कोरा.
कुणाच्या अध्यात ना मध्यात.

माझा भाऊ काउपो कोप्लीच्या गोदीत वेल्डर होता.
त्याचंही पोट याच्यावरच.
सांध्यावर आर्गॉनची फुंकर धरायची,
हवेला जवळ फिरकू द्यायचं नाही,
नाहीतर शिवण काळी पडते.
"वितळलेलं पोलाद म्हणजे ओली बाळंतीण," म्हणायचा,
"वारा लागता कामा नये."
त्याची शिवण मी पाहिली आहे,
माशाच्या खवल्यांसारखी,
एकावर एक, कुठेही घाई नाही.

फेब्रुवारीतला मंगळवार.
आदल्या संध्याकाळी विसरलेला हातमोजा आणायला
तो टाकीत उतरला.
रात्रभर नळी हलकेच गळत होती.
वास नाही, रंग नाही, ठसका नाही.
तळाला कमरेएवढा आर्गॉन.
काउपो वाकला.

अहवालात लिहिलं आहे: वायू विषारी नव्हता.
वायूची कशाशीही अभिक्रिया झालेली नाही.
मी ते वाक्य तीनदा वाचलं.
म्हणजे त्याने काहीच केलं नाही.
नुसता जागा अडवून उभा होता,
जिथे प्राणवायू असायला हवा होता तिथे.

माणसावर चिडता येतं. आगीवरसुद्धा.
याच्यावर कसं चिडायचं?
पंधरा दिवसांनी कामावर गेले, सुई हातात घेतली.
लीडिया काही बोलली नाही.
तिच्या न बोलण्याचाही
मला त्या दिवशी राग आला.

आज बाहेर उणे बावीस.
काउपोची मुलगी मीरते
स्वयंपाकघराच्या खिडकीला गाल लावून बसली आहे.
"काच गार का लागत नाही? आत काय आहे?"
काही नाही, म्हणणार होते.
"एकजण आहे," म्हटलं. "काही करत नाही. बसून असतो."
"चांगला आहे का?"

कढईतला कांदा करपत आला होता.
मी गॅस बारीक केला.
"थंडीला आत येऊ देत नाही," म्हटलं.
"पण कुठेही खाली उतरायचं असेल,
तर वाकायच्या आधी मोजायचं."

"काय मोजायचं?"

मी वरच्या कोपऱ्याकडे बोट केलं,
चौकटीआड बुजवलेल्या भोकाकडे,
जिथून हवा निघून गेली होती.