बाकी

मे महिना. कुपवाडच्या एमआयडीसीत डांबर चपलेला चिकटतंय
आणि आम्ही तिघं स्वेटर घालून उभे:
अफसाना, सुयोग, मी. बीएस्सीचं शेवटचं वर्ष, गणित.
समोर बेदाण्याचे खोके, पंधरा-पंधरा किलोचे, छताला टेकलेले.
बिरनाळे शेठ म्हणाले, "वीजबिल उतरवा,
मग सर्टिफिकेटाचं बघू."

पेपरात प्रश्न किती मार्कांचा ते तरी लिहिलेलं असायचं.
इथं प्रश्न कुठून सुरू होतो तेच कळेना.
उपाध्ये सर म्हणाले, आधी रजिस्टर बघा.

रजिस्टरात: चार. चार. चार. चार.
तीन वर्षं, तासातासाला, चार अंश,
एकाच निळ्या पेनानं.
अफसाना म्हणाली, "एवढं सरळ तर पुस्तकातपण नसतंय."

मग आमचेच सेन्सर टांगले,
अकरा रात्री, भडंगाच्या पुड्यावर.
कॉम्प्रेसर घरघरतो, थांबतो, घरघरतो;
बोटं वाकत नाहीत, सुयोग लॅपटॉपवर नाकानं टाइप करून दाखवतो.
समीकरण बसलं. अगदी अंगच्या मापाचं बसलं.
फक्त रोज नऊ वाजून दहा मिनिटांनी
रेघेला एक टेंगूळ.

ट्रक नाही. लाइट गेलेली नाही.
बाराव्या रात्री आम्ही खोक्यांमागं दबून बसलो.

दार किलकिलं झालं. वॉचमन मायाप्पा.
कोपऱ्यातल्या खोक्यामागून त्यानं काढली
हातरुमालात बांधलेली एवढीशी बाटली.
आम्हाला बघून दचकला, मग कुजबुजला,
"मंडळींचं इन्सुलिन. घरात फ्रीज न्हाई.
टोचलं की आणून ठेवतो.
डॉक्टर म्हणले दोन ते आठ. मधलं धरून चार लिवतो."
सुयोग पुटपुटला, "मधलं पाच येतंय."
अफसानानं त्याला कोपर मारलं.

अहवालात आम्ही कॉम्प्रेसरच्या वेळा बदलल्या,
स्वस्त युनिटाच्या तासांत गारवा साठवायचा.
बिलात अकरा टक्के कमी.
शेठनी आलेखावर बरोब्बर तिथंच बोट ठेवलं. "हे काय?"
सर आमच्याकडं बघायला लागले.
"बाकी," अफसाना म्हणाली. "थोडी राहतेच, शेठ."
शेठ बोट उचलेनात.
मग म्हणाले, "चहा सांगा कुणीतरी."

सर्टिफिकेटावर माझं आडनाव चुकलंय.

घरी येऊन ते टेंगूळ मोजलं, रुपयांत:
महिन्याला सहा रुपये चाळीस पैसे.
कुणाला सांगितलं नाही.
दोनदा तपासलं तेवढं.