जनता प्लॉट

पहिलं दार रंगवलं तेव्हा मला कानडी येत नव्हतं.
ग्रामसेवकानं विडीच्या कट्ट्याच्या कागदावर
दोन अक्षरं काढून दिली,
मी ती वेलबुट्टी उतरवावी तशी उतरवली:
वाटोळं, शेपूट, पुन्हा वाटोळं,
दुसऱ्याच्या डोक्यावर एक आकडी.
बऱ्याच वर्षांनी कळलं, ते 'मने' होतं.
मने म्हणजे घर.

सौंदलग्याच्या माळावर वीस घरं
काडेपेट्या मांडल्यागत.
मंगलोरी कौलं, एक खोली, एक झरोका.
संडास नकाशात होता.
लोक म्हणाले, जनता प्लॉट.
कौलं गेली, सरकारं गेली,
कंडक्टर अजून ओरडतोय,
जनता प्लॉटवाले, पुढं या.

दारावर मी लिहायचो
योजना, साल, खर्च,
आणि जागा उरली तर नाव.
खर्च ठसठशीत काढ, साहेब म्हणायचे,
डांबरीवरनं दिसला पायजे.
हौसाक्का घस्ते उंबऱ्यात विड्या वळत होती.
हजाराला दोरा कमी पडलेला, तोंडात दोऱ्याचं टोक,
तशीच बोलली:
दस्तगीर, माझ्या नावावर आजपतुर काय हुतं रं?
म्हटलं, काय हुतं?
म्हणाली, काय न्हाई. आता भिंत हाय.

मग आश्रय आलं.
चुन्याचा एक हात मारून मी जनता पुसली.
मग इंदिरा, मग बसव,
ग्रामसेवकाचा पीडीओ झाला,
हजाराचे लाख झाले, खोली तेवढीच ऱ्हायली.
पत्र्याचं अनुदान आलं की नवी ओळ,
फरशीचं आलं की आणखी एक.
भिंतीला आतनं गिलावा नव्हता,
भाइर मात्र माझ्या रंगाचे सात थर.

एका वर्षी रात्रीत पोरं आली,
कानडी अक्षरांवर डांबर फासून गेली.
पंधरवड्यानं दुसरी आली,
मराठीवर फासून गेली.
दोन्ही वेळा पंचायतीनं मलाच बोलावलं.
खोटं कशाला बोलू,
त्या वर्षी पोरीचं लग्न निघालं.

पक्क्या घराची यादी आली त्यात ती होसक्का.
रेशनकार्डावर हौसाबाई,
हक्कुपत्रावर हवसवा, वडलांचं नाव नवऱ्याच्या जागी.
कानडीत होस म्हणजे नवं.
नवी अक्का कोण, ते ठरेपर्यंत
घर लिंटलला येऊन थांबलं.
तीन पावसाळे
वरच्या सळया आभाळात तशाच, गंजून,
त्यांवर ती आमसुलं वाळत घालायची.

शेवटी फोटो काढायला पोरगा आला.
लाभार्थी घरापुढं उभा पायजे, म्हणाला,
चेहरा आणि भिंत एकाच चौकटीत.
मोबाइल वर धरला, डावीकडं धरला,
टुण्ण करून मेसेज:
महाराष्ट्रात आपले स्वागत आहे.
हौसाक्का म्हणाली,
बाबा, मी तर अजून पदरबी सारला न्हाई.

आता पाट्या छापून येतात.
काळा दगड, कोरीव अक्षरं,
कोपऱ्यात चौकोनी जाळी,
तिच्यावर फोन धरायचा म्हणे.
माझे ब्रश रॉकेलच्या डब्यात ताठले.
मी अजून भाड्यानं ऱ्हातो. पेंटर धंदेवाल्यात येतो, म्हणाले.

परवा तिच्या जुन्या भिंतीचे पोपडे निघाले,
बसव गेला, इंदिरा गेली, आश्रय सुटलं,
खाली माझी पहिली अक्षरं, निळी, जाड.
तिची नात कानडी शाळेत, तिसरीला.
बोट ठेवून वाचलं तिनं: म, न.
आज्जी, हितं 'मन' लिवलंय.

बघतो तर आकडी ऱ्हायलेली.
पन्नास वर्षं झाली, कुणाच्या ध्यानात न्हाई,
ना ग्रामसेवकाच्या, ना साहेबाच्या, ना माझ्या.
लाज वाटली.
म्हटलं, थांब, ब्रश आणतो, एक रेघ तर वडायची.

हौसाक्का आडवी आली.
ऱ्हाऊ दे, म्हणाली,
अक्षर बदललं तर
हप्ता अडकंल.