तीस टक्के

निरोपाच्या दिवशी प्राध्यापक म्हणाले होते,
"तोंडं कधी संपत नाहीत."
खरंय.
तोंडवाल्यांचे पैसे संपतात.

सोमवारी मी व्हिझेऊत, बुधवारी मांगुआल्दला,
शनिवारी मॉलमध्ये, चपलांचं दुकान
आणि चाव्या करणारा यांच्या मधल्या काचेच्या दवाखान्यात.
तिन्हीकडे खुर्ची दुसऱ्याची, दिवा दुसऱ्याचा.
माझे फक्त हात,
आणि अठरा हप्त्यांवर घेतलेलं डोळ्यांवरचं भिंग.
शंभर युरो आले तर तीस माझे.
कुणी आलंच नाही तर शून्याचे तीस टक्के.
हिशेबात सेंटचीही चूक होत नाही.

शेवटच्या वर्षी एक कागद भरून घेतला होता:
पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?
मी लिहिलं, पितळी पाटी, खिडकीत चेस्टनटचं झाड.
झाडाचं कुणी विचारलंही नव्हतं.

आई बेकरीत अजून सांगते, "आमची डॉक्टर."
पाव बांधून देणारी एर्मेलिंदा
तोंडावर हात ठेवूनच हसते.
समोरचे चार नाहीत, दोन वर्षं झाली.
"या ना एकदा," म्हटलं मी.
"बघू, सफरचंदं विकली गेली की."
दातावर मारायला पैसा नाही तिच्याकडे.
आणि माझ्याकडे नुसते दात,
बत्तीसच्या बत्तीस, मुळांसकट, लॅटिन नावांसकट पाठ.

नेलियो इंग्लंडात गेला.
लिहितो, इथे एकानं घरच्या पकडीनं
स्वतःची दाढ उपटली, खिशातून आणून दाखवली मला.
रांग संपत नाही. ये.
राहायला खोली देतात.
समुद्र आहे, पण तपकिरी.

काल शनिवार. सहाचा पेशंट आला नाही.
शेजारचा चावीवाला आला, गाल धरून.
भिंतीवरचे दर वाचले
आणि चष्मा पुसत मागे वळला.
"बसा," मी म्हटलं.
पावती केली नाही.
खालची डावी, दोन मुळं, एक वाकडं.
मालकाला कळलं तर सोमवार-बुधवारच उरतील.

तोंडात कापूस धरून त्यानं खुणेनं विचारलं,
कसली चावी करून देऊ?
माझ्याकडे एकच होती, आईच्या घराची.
तिचीच दुसरी करून दिली त्यानं,
अजून गरम होती हातात.
बरोबर न्यायला हवी की इथेच ठेवायला,
ते त्याला विचारता येत नव्हतं,
आणि मलाही.