पावतीच्या मागच्या बाजूला

बाळाचं नाक चोंदलंय, बामची डबी द्या, असं कुणी म्हटलं
की मी आधी विचारते, बाळ केवढं?
लोक वैतागतात. बाजाराच्या दिवशी कुडचड्यात
मासळीची पिशवी ठिबकत असते, बस सुटायची असते,
आणि काउंटरमागची बाई वय विचारते.
"शैलाबाय, डबी विकता की जनगणना करता?"

हसू दे.
मी डबी उलटी करते. तळाशी
मुंगीच्या पायांएवढी अक्षरं,
कापूर इतका टक्के, निलगिरी इतकी.
पंधरा वर्षं मी ती वाचत आले,
मोठ्यानं कधी वाचली नव्हती.

त्या रात्री शटर अर्धं खाली होतं.
सावर्ड्याच्या यार्डात खनिजाच्या वाघिणी एकमेकींवर आपटत होत्या
आणि उल्हास वेळीप शटरखालून वाकून आत आला,
खांद्यावर अडीच वर्षांची सावनी.
तिच्या तोंडाला देव्हाऱ्याचा वास.

"खडीसाखर समजली ती. दोन वड्या. तीन असतील.
मिठाचं पाणी पाजू? ओकून टाकेल."
नको. काही पाजू नका, ओकवू नका.
पुडी कुठंय? घरी.
मग बायकोला फोन करा, पुडी घेऊन काकोड्याला यायला सांगा,
किती उरल्या ते मोजता येईल.
१०८ ला वेळ लागत होता. माझी स्कूटर होती.
काकोड्याच्या वळणावर तिच्या मुठी आवळल्या,
डोळे वर गेले, आणि मागे बसलेला उल्हास
तिचं नाव घेत होता, फक्त नाव,
जणू नाव सोडलं तर मूलही सुटेल.

आरोग्य केंद्रात झटका थांबवला, मडगावला नेलं,
रात्रभर तारा लावून निजवलं.
वाचली. हे आधीच सांगायला हवं होतं.
पण तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं.

पुडी आली. तिच्यावर माझ्या दुकानाचा शिक्का.
आरतीचा कापूर आणि खोकल्याची खडीसाखर,
तसलीच पारदर्शक पुडी, तेच रबर,
दोन्ही बरण्या मीच शेजारी शेजारी ठेवलेल्या.
मला कुणी काही बोललं नाही.
उल्हासनं तर स्कूटरच्या पेट्रोलचे पैसे आणून दिले.

आता कापूर वर, कुलपात.
आणि पावतीच्या मागे मी निळ्या पेनानं लिहिते:
दोन वर्षांखाली नको. नाकात नको, ओठांजवळ नको.
खरचटलेल्या जागी नको. तापवू नका.
जागा राहिली तर, झाकण लावा.

बाळंतिणींना न्हाऊ घालणारी फिलोमिना माय
कापूर मागायला आली, खोबरेलात कढवायला.
"तीस वर्षं चोळते, एक पोर दगावलं नाही."
म्हटलं, माय, तुझ्या हातांवर माझा भरवसा आहे,
पण वडीला बोलता येत नाही, ती किती आहे ते सांगत नाही.
तिनं नुसतं तेल घेतलं
आणि दोन महिने माझ्याशी बोलली नाही.
(तेल मात्र अजून माझ्याकडूनच नेते.)

कापूर जळतो आणि मागे राख ठेवत नाही,
लोकांना त्याचं केवढं कौतुक.
मी रात्री बरणीचं झाकण दोनदा पिळते.

काल उल्हास आला. ट्रक चालवून पाठ धरलेली.
मी तोंड उघडायच्या आत म्हणाला,
"मोठ्या माणसाला. पाठीला. खरचटलेलं नाही.
वरच्या फळीवर ठेवीन."
आणि पावती उलटी करून
खिशात घातली.