आउटपुट

हर्णै बंदर. सोसायटीची खिडकी,
जुना पीसी, त्यावर लिनक्स.
आवाजाला जायला तीन वाटा:
मॉनिटर, ज्याला स्पीकरच नाही,
माझा हेडफोन,
आणि यूएसबीवरून जेटीवरचा भोंगा.
वाऱ्याचा इशारा भोंग्याला,
नाझिमचे कुवेतहून आलेले निरोप माझ्या कानाला,
असं लावून दिलेलं.

काल वीज गेली, आली.
साउंड कार्डांचे नंबर उलटेपालटे झाले
आणि अख्ख्या बंदराला विचारणा:
"अब्बांचा खोकला कसाय? औषध दिलंस?"

लिलाव पापलेटावर अडला.
टोपलीआडून रोशनबी ओरडली,
"दिलंन रे, दिलंन!"

आता डिव्हाइस नंबरानं नाही, नावानं बांधलंय.
हलत नाही.
तरी लिलाव उरकला की
कोणीतरी खिडकीत कोपर टेकतं:
आज काय म्हणतोय?