हद्द सुरू

निघायचं पाचला होतं. निघालो साडेआठला.
मधले साडेतीन तास कुठं गेले
ते एका निळ्या मोज्याला माहीत,
आणि तो अजून सापडलेला नाही.

हडपसर सुटेपर्यंत श्रीकरनं
एक काकडी, अर्धी पोळी
आणि विम्याच्या कागदाचा कोपरा खाल्ला.
पाटसच्या टोलनाक्यावर बूट खिडकीबाहेर गेला.
नागेश दोन ट्रकांच्या मधून तो घेऊन आला,
टोलवाल्या मुलीनं टाळ्या वाजवल्या.

भिगवणपाशी मी म्हटलं, बघ, केवढं पाणी!
त्यानं पाण्याकडं पाठ केली
आणि कडेच्या पिवळ्या जेसीबीला
अशी हाक मारली,
जशी मला अजून एकदाही मारलेली नाही.

शहाण्या बायकांनी सांगितलेलं,
खेळणी कागदात गुंडाळून न्या, तासाला एक काढा.
इंदापूरच्या आत सहाही संपली.
कागद तेवढे आवडले.

मग नुसता जेसीबी.
जेसीबी गेला कुठं. जेसीबी जेवला का.
जेसीबीची आई कुठाय.
कामावर गेली, मी म्हटलं.
त्यावर तो इतका वेळ गप्प बसला
की माझंच उत्तर मला टोचलं.

वरवड्याला तो रडला, शेटफळला मी.
मोहोळला नागेशनं गाडी कडेला घेतली
आणि दोन मिनिटं उन्हात उभा राहिला,
बाभळीकडे तोंड करून.
कुणी कुणाला काही विचारलं नाही.

आणि बाळे गावाच्या पाटीपाशी,
अख्खा हायवे जागून काढल्यावर,
घर वीस मिनिटांवर असताना,
बाळ झोपलं.

मान एकीकडं, तोंड उघडं, मुठीत चुरमुरे.
नागेशनं आरशातून माझ्याकडं पाहिलं.
दोघांनाही कळलं,
गाडी थांबली की संपलं.

म्हणून थांबलो नाही.
जुना पुणे नाका, सात रस्ता, आसरा,
आसऱ्यावरून परत सात रस्ता.
दुपारचे दोन. डांबर मऊ झालेलं,
रसवंतीच्या ओलीत कुत्री पसरलेली.
सिग्नल लाल दिसला की नागेश लांबूनच
मुंगीच्या चालीनं यायचा,
पण चाक फिरतं ठेवायचा.

नायनांचा फोन. एक्कड उन्नारू?
मोहोळ, मी कुजबुजले.
मघाशीपण मोहोळच म्हणालीस.
ट्रॅफिक आहे, नायना.
मोहोळात?

अशोक चौकाच्या पुढं, आमच्या गल्लीच्या तोंडाशी,
मी काच बोटभर खाली केली.
खटाक् खटाक्, खटाक् खटाक्.
ह्याच आवाजात मी वाढले.
माग चालू तोवर गाढ,
कांडी संपून थांबला की टक्क जागी.
अम्मा सांगायची,
रात्रपाळीत माग बिघडला तर मेकॅनिक येईपर्यंत
नायना लाकडी फळीवर हातानं ठोकत बसायचे,
त्याच ठेक्यात, पोर उठू नये म्हणून.
पुण्यात मी हे विनोद म्हणून सांगते.
लोक हसतात. मीही.

दुसऱ्या फेरीला नायना गल्लीच्या तोंडाशी उभे.
बनियन, टॉवेल, कानाला फोन.
त्यांनी गाडी ओळखली. मला पाहिलं.
मग मागच्या काचेतून ती लोंबकळलेली मान पाहिली.
हात वर केला,
थांबा असा नाही.
जावा, जावा, अजून एक मारा, असा.

पुढं रस्ता खोदलेला होता,
तो आमच्याकडं नेहमीच असतो,
आणि धुळीत काहीतरी पिवळं
हळूहळू मान उचलत होतं.
नागेश म्हणाला, अरे देवा.
मी ओढणी ताणून खिडकीवर धरली.
शेजारी त्याची मूठ सैल झाली
आणि एकेक चुरमुरा
माझ्या मांडीवर पडू लागला.